ताल्मूदचं पहिलं पान क्रमांक दोन

अष्टागरी

परवा खरडफळ्यावर कुणीतरी विचारलं, "ज्यू लोकांचा धर्मग्रंथ म्हणजे जुना करारच ना?" मी "हो आणि नाही" असं टाकून पळालो. त्याची भरपाई म्हणून हा धागा.

आधीच सांगतो, मी हिब्रूचा पंडित नाही. नोकरीनिमित्त बोस्टनला पाच वर्षं होतो. तिथे ऑफिसातले एक म्हातारे सहकारी जेवणाच्या सुट्टीत रोज ताल्मूदचं (यहुदी धर्मनियम आणि त्यांवरच्या वादांचा मोठा ग्रंथ) एक पान वाचायचे, रोज म्हणजे अगदी रोज. त्यांच्यासमोर डबा उघडून बसता बसता जे कानावर पडलं आणि त्या नादाने पुढे जे वाचलं, ते इथे मांडतोय. चुकलं तर कान धरा.

पहिल्यांदा ते पान बघितलं तेव्हा मला ती छपाईतली गडबड वाटली होती. मधोमध एक चौकोनी मजकूर. त्याला दोन्ही बाजूंनी बारीक, वेगळ्याच वळणाच्या अक्षरांचे रकाने बिलगलेले. कडेला आणखी बारीक टिपा. मधला मजकूर कुठे चार ओळींचा, कुठे पाऊण पानाचा, आणि भोवतीचे रकाने त्याप्रमाणे फुगणार किंवा आक्रसणार. ही मांडणी व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२०च्या सुमारास पक्की केली आणि आजही तीच चालते. म्हणजे मुंबईतल्या माणसाने अमुक खंडाचं ५९वं पान, मागची बाजू, असं सांगितलं की न्यूयॉर्कातल्या माणसाचं बोट त्याच जागी पडतं.

आणि पहिल्या पानावर आकडा असतो दोनचा. मुखपृष्ठ धरून मोजत असल्याने तसं झालं असावं, पण आमचे म्हातारबुवा म्हणायचे, "आपण सुरुवातीपासून वाचलंय, अशी घमेंड कुणाला होऊ नये म्हणून."

आता त्या दोन नंबरच्या पानावर काय आहे? मला वाटलं होतं, देवाची स्तुती असेल, निदान ग्रंथ का रचला ते तरी असेल. आपल्याकडे 'ॐ नमो जी आद्या' आल्याशिवाय पुढे सरकत नाही. इथे थेट प्रश्न: "संध्याकाळी शेमा कधीपासून म्हणायचा?"

शेमा म्हणजे "ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक आहे" ही प्रार्थना, दिवसातून दोनदा म्हणायची. ती म्हणायचीच हे वाचकाला ठाऊक आहे असं गृहीत धरून वाद फक्त वेळेचा. उत्तर येतं: पुरोहित आपला वाटा खायला घरात शिरतात तेव्हापासून. कधीपर्यंत? रब्बी (म्हणजे धर्माचे विद्वान) एलिएझर म्हणतात, रात्रीचा पहिला प्रहर संपेपर्यंत. बाकीचे विद्वान म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गमलिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. लगेच पुढे एक किस्सा: गमलिएलांची मुलं एकदा मेजवानीहून उशिरा घरी आली आणि म्हणाली, "बाबा, शेमा म्हणायचा राहिला." बाबा म्हणाले, "उजाडलं नसेल तर म्हणा अजून." मग विद्वानांनी मध्यरात्र का सांगितली? माणूस नियम मोडण्यापासून लांब राहावा म्हणून.

यात दोन गोष्टी बघा. एक, तिन्ही मतं नावानिशी छापलेली आहेत, कुठलंच खोडलेलं नाही. दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. हा मजकूर साधारण इ.स. २०० मध्ये पक्का झाला. पुरोहितांचं ते जेवण ज्या मंदिराच्या व्यवस्थेतलं, ते जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्येच जाळलं होतं. मंदिर जाऊन सव्वाशे वर्षं उलटली तरी हे लोक घड्याळ लावतायत ते तिथल्या पुरोहितांच्या जेवणावर!

आता थोडा इतिहास, भराभर. यहुदी ग्रंथांना ते 'तनाख' म्हणतात: तोरा (मोशेची पाच पुस्तकं), नेवीईम (संदेष्टे) आणि केतुवीम (इतर लेखन) यांची आद्याक्षरं जोडून झालेला शब्द. एकूण २४ पुस्तकं. ख्रिस्ती जुना करार बराचसा याच मजकुराचा, पण पुस्तकांची मोजणी आणि क्रम वेगळा. आणि 'जुना' हा शब्द यहुदी माणसाला खटकतो, कारण त्याच्या लेखी नवा करार झालेलाच नाही.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनियाच्या लोकांनी पहिलं मंदिर पाडलं आणि माणसं पकडून नेली. पुढे इराणच्या सायरसने परतीची मुभा दिली. परतलेल्यांसमोर एज्रा या लेखकाने भर चौकात तोरा वाचली, असं नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात येतं. तो वाचत होता आणि लेवी लोक (मंदिराची सेवा करणारा वंश) गर्दीत फिरून अर्थ समजावत होते. ग्रंथ आणि त्याचा अर्थ सांगणारा, ही जोडी मला तिथून स्पष्ट दिसायला लागते.

मग इ.स. ७०. वेढा पडलेल्या जेरुसलेममधून योहानान बेन झक्काई हे रब्बी शवपेटीत झोपून, मेल्याचं सोंग करून बाहेर पडले अशी कथा आहे. शिष्यांनी खांद्यावरून पेटी वेशीबाहेर काढली. रोमन सेनापतीकडे त्यांनी मागितलं ते काय, तर "याव्ने गाव आणि तिथले विद्वान मला दे." मंदिर वाचव म्हणाले नाहीत. त्याबद्दल ताल्मूदमध्ये त्यांच्यावर टीकाही आहे. पण यज्ञ गेला, पुरोहित गेले, राज्य तर नव्हतंच. उरली शाळा. नंतरचा सगळा यहुदी धर्म त्या शाळेतून निघाला, असं म्हटलं तर फार वावगं नाही.

तोपर्यंत लेखी तोरेसोबत तोंडी परंपरा चालत होती: शब्बाथला (शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी) काम करू नका असं लिहिलंय, पण काम म्हणजे काय? लिहिणं? दिवा लावणं? गाठ मारणं? (उत्तर: ३९ प्रकार, हे तिन्ही त्यात.) ही परंपरा येहुदा हनासी यांनी इ.स. २००च्या आसपास संकलित केली, ती मिश्ना. सहा विभाग, ६३ प्रबंध. मिश्नेवरची तीनेक शतकांची चर्चा म्हणजे गेमारा, बरीचशी अरामी भाषेत. दोन्ही मिळून ताल्मूद. एक पॅलेस्टाइनमध्ये तयार झाला, दुसरा बाबिलोनियात. नुसतं 'ताल्मूद' म्हटलं की बाबिलोनी.

'डोळ्याबद्दल डोळा' हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. निर्गम, अध्याय २१. बाव्हा कम्मा या प्रबंधात ते कसं सोलून काढलंय बघा. आंधळ्याने कुणाचा डोळा फोडला तर त्याचा कुठला डोळा काढणार? एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान, मग बरोबरी कशी? आणि खुन्याकडून पैसे घेऊन त्याला सोडू नका असं तोरेत दुसरीकडे म्हटलंय, म्हणजे अवयवाच्या इजेसाठी पैसे चालतात. निष्कर्ष: नुकसानभरपाई द्यायची. तीही मोजून पाच खात्यांत: इजा, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी, अपमान. आपल्या मोटार अपघात न्यायाधिकरणाचा हिशेब आठवावा इतका तपशील. आणि हो, "डोळा म्हणजे डोळाच" म्हणणाऱ्या रब्बी एलिएझरांचं मतही तिथेच आहे.

मला सांगायचंय ते एवढंच, की या परंपरेत हरलेलं मत जपून ठेवतात. मिश्नेतच कुणीतरी विचारलंय: निकाल बहुमताने लागतो, तर एकट्याचं मत लिहून का ठेवायचं? उत्तर आहे: उद्या एखाद्या न्यायसभेला ते पटलं तर तिला आधार असावा म्हणून.

बाकी प्रतिसादांत.

दोनओळी

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खडूसकाका

लेख रोचक आहे पण भाबडा वाटला. अब्राहाम, मोशे, समुद्र दुभंगणं हे सगळं इतिहास म्हणून खपवताय का? पुरावा काय?

अष्टागरी

@खडूसकाका, मी मोशेचं नाव फक्त पुस्तकांपुरतं घेतलंय, नीट वाचा की. :)

इजिप्तमधून झालेल्या निर्गमनाला पुरातत्त्वाचा थेट पुरावा नाही. 'इस्राएल' हे नाव बाहेरच्या लेखात पहिल्यांदा ठळकपणे येतं ते इजिप्तच्या मेरनेप्ताह राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८च्या सुमारास. तेही "इस्राएलचं बी उरलं नाही" अशा बढाईत. म्हणजे पहिली नोंद निर्वंश झाल्याची! दावीदाच्या घराण्याचा उल्लेख असलेला नवव्या शतकातला (इ.स.पू.) अरामी लेख तेल दान इथे १९९३ मध्ये सापडला. तोराही एका हातची नाही, अनेक स्रोत एकत्र विणलेत, असं बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात. कर्मठ यहुदी ते मानत नाहीत.

आणि हस्तलिखितांबद्दल: १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या. त्यातली यशयाची जवळजवळ पूर्ण गुंडाळी आजच्या पाठापेक्षा पुष्कळ किरकोळ ठिकाणी वेगळी आहे, पण पुस्तक तेच आहे. त्याआधी हाताशी असलेली पूर्ण हिब्रू हस्तलिखितं हजारेक वर्षं अलीकडची होती.

पूर्वपक्ष

सुंदर धागा. मी पुण्यात मीमांसेचा (वेदवाक्यांचा अर्थ लावायच्या शास्त्राचा) थोडा अभ्यास केलाय, त्यामुळे पान दोनची गोष्ट वाचून हसू आलं. जैमिनीच्या परंपरेत प्रत्येक अधिकरणाला (एका मुद्द्याच्या चर्चेला) विषय, संशय, पूर्वपक्ष (विरोधी मत), सिद्धांत अशी अंगं. वाक्य वेदाचं, त्याला धक्का लावायचा नाही, पण अर्थ लावताना काथ्याकूट इतका की मूळ यज्ञ बाजूलाच. 'पवित्र वाक्यात एकही शब्द फुकट नाही' हे गृहीतक दोघांचं सारखं दिसतंय. त्यांच्याकडे अर्थ लावायचे ठरलेले नियम आहेत का?

अष्टागरी

आहेत. हिल्लेलच्या नावावर सात, रब्बी इश्माएलच्या नावावर तेरा. ते तेरा तर सकाळच्या प्रार्थनेतच म्हणतात! आपल्या शाळेत प्रार्थनेनंतर पाढे असायचे तसं. पहिला नियम 'कल वाहोमेर': हलक्या बाबतीत जे लागू, ते जड बाबतीत तर लागू होणारच. हा शुद्ध कैमुतिक न्याय. तुम्ही मीमांसक असल्यामुळे वेगळं सांगायला नको.

फरक मला एका ठिकाणी जाणवतो. आपला पूर्वपक्ष बऱ्याचदा ग्रंथकारानेच उभा केलेला, बिननावाचा, पाडण्यासाठी बांधलेला असतो. ताल्मूदमध्ये पूर्वपक्षाला नाव आहे, गाव आहे, कधी कधी धंदाही आहे. योहानान नावाचे एक रब्बी चक्क चपला शिवायचे. ज्याचं म्हणणं त्याच्या नावाने सांगणारा जगाला तारतो, असं एक वचन आहे. (नाव कापून व्हॉट्सॲपवर ढकलणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

पूर्वपक्ष

बिननावाचा पूर्वपक्ष हे अर्धंच खरं. बौद्ध, नैयायिक यांची मतं ओळखू येतील अशी असतात, आणि प्रभाकर-कुमारिल या मीमांसकांचा वाद तर नावानिशी आहे. बाकी मान्य.

अष्टागरी

मान्य. वाक्य जरा सैल लिहिलं.

चिंचोका

आणि बायका? सगळ्या कथेत बाबा आणि मुलगे. एकही बाई दिसली नाही.

अष्टागरी

@चिंचोका, रास्त प्रश्न. शतकानुशतकं ताल्मूदचं शिक्षण पुरुषांचंच होतं. सोता या प्रबंधातली एक मिश्ना इथे बोलकी आहे. बेन अझ्झाई म्हणतात, बापाने मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे. तेच आमचे रब्बी एलिएझर म्हणतात, मुलीला तोरा शिकवणं म्हणजे तिला छचोरपणा शिकवणं. दोन्ही मतं शेजारी शेजारी. चाललं मात्र एलिएझरांचं, दीड हजार वर्षांहून अधिक! म्हणजे हरलेलं मत जपलं जातं हे खरं, पण बाहेर काढायला कुणी आलं नाही तर ते नुसतंच पडून राहतं.

जुन्या काळातली ब्रुरिया ही विदुषी ताल्मूदमध्ये भेटते, रब्बी मेईर यांची बायको. शेजारचे गुंड मरावेत म्हणून नवरा प्रार्थना करतो तेव्हा ती स्तोत्रातला शब्द दाखवून म्हणते, "इथे 'पापं नाहीशी होवोत' असं वाच, 'पापी' नव्हे." मजा म्हणजे व्याकरण काटेकोर धरलं तर बाईंचा अर्थ ओढूनताणून आणलेला आहे. पण तो मान्य झाला.

अलीकडे चित्र बदलतंय. बर्लिनच्या रेगिना योनास १९३५ साली रब्बी झाल्या, जगातल्या पहिल्या स्त्री रब्बी. १९४४ मध्ये आउशवित्झला त्यांची हत्या झाली आणि नाव कित्येक दशकं विस्मरणात गेलं. रोज एक पान वाचायचा उपक्रम, दाफ योमी, १९२३ मध्ये मेईर शापिरो यांनी पुरुषांसाठी सुरू केला. २७११ पानं, म्हणजे जवळपास साडेसात वर्षांची फेरी. जानेवारी २०२० मध्ये फेरी संपली तेव्हा जेरुसलेममध्ये हजारो बायकांनीही समारोप साजरा केला. आत्ताची फेरी २०२७च्या जूनमध्ये संपेल.

सातवा मजला

ताल्मूद म्हणजे काहीतरी गुप्त, भयंकर पुस्तक असं नेटवर बरंच वाचायला मिळतं, ते काय प्रकरण आहे?

अष्टागरी

ते प्रकरण आठशे वर्षं जुनं आहे. १२४० मध्ये पॅरिसला ताल्मूदवर रीतसर खटला चालला आणि नंतर २४ गाड्या भरून हस्तलिखितं जाळली. छपाई नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एकेक प्रत हाताने लिहिलेली, विचार करा. १५५३ मध्ये रोममध्ये पुन्हा जाळपोळ. नेटवर फिरतं त्यातलं पुष्कळसं एकतर धादांत खोटं, नाहीतर एखादं उलट मत संदर्भ तोडून काढलेलं. ज्या ग्रंथात दर पानावर दोन बाजू आहेत, त्यातून नेमकी एकच ओळ उचलली की काहीही सिद्ध होतं.

खडूसकाका

चला, ग्रंथ वादाचा आहे हे पटलं. पण शेवटी देव काय म्हणतो ते ऐकायचंच ना? मग वाद कसला?

अष्टागरी

काका, तुमच्यासाठी बाव्हा मेत्सियाचं ५९वं पान.

एका चुलीवरून वाद आहे. कापून, मध्ये वाळू घालून पुन्हा जोडलेली मातीची चूल, तिला विटाळ होतो की नाही? एलिएझर म्हणतात नाही, बाकी सगळे म्हणतात होतो. एलिएझर युक्तिवाद करून दमतात आणि म्हणतात, "माझं खरं असेल तर हे झाड सांगेल." कॅरोबचं झाड शंभर हात लांब जाऊन पडतं. विद्वान म्हणतात, झाडाचा पुरावा चालत नाही. ओहोळ उलटा वाहतो. तोही चालत नाही. शाळेच्या भिंती कलायला लागतात. तेव्हा रब्बी यहोशुआ भिंतींना दरडावतात, "विद्वान भांडतायत, तुम्ही कशाला मध्ये पडता?" यहोशुआंचा मान राखून भिंती पडत नाहीत, एलिएझरांचा मान राखून सरळही होत नाहीत. मग साक्षात आकाशवाणी होते, "एलिएझरशी कसले वाद घालता?" यहोशुआ उठून उभे राहतात आणि तोरेतलंच वचन फेकतात: "ती स्वर्गात नाही." एकदा दिली ना तोरा आम्हाला, आता बहुमत ठरवणार.

पुढे कुणीतरी एलिया संदेष्ट्याला विचारतं, तेव्हा देव काय करत होता? एलिया म्हणतो, हसत होता. म्हणत होता, "माझ्या पोरांनी मला हरवलं."

ही गोष्ट इथवरच सांगायची पद्धत आहे, पण पान पुढे चालू राहतं. विद्वान एलिएझरांना बहिष्कृत करतात. निरोप द्यायला त्यांचा शिष्य अकिवा काळे कपडे घालून, चार हात लांब बसतो. एलिएझरांच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि जगातलं एक तृतीयांश पीक करपतं. पुढे त्यांच्या दुःखापायी गमलिएल मरतात, तेच मेजवानीच्या किश्श्यातले बाबा, एलिएझरांचे सख्खे मेहुणे. ही गोष्ट त्या प्रबंधात आली आहे ती मुळात शब्दाने माणूस दुखावण्याच्या नियमाखाली. वाद जिंकलेल्यांनीच हे लिहून ठेवलंय.

खडूसकाका

हं. हे चांगलंय.

नवगावची नात

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी, आजोळ अलिबागजवळचं, सध्या मुक्काम इस्राएलमधलं अश्दोद. अष्टागरीदादा, नाव बघूनच धागा उघडला, अष्टागर म्हणजे आमचाच अलिबागचा पट्टा!

तुमचा ताल्मूद आमच्या कोकणातल्या पूर्वजांना माहीतच नव्हता, हे लिहायला हवं. आमची कथा अशी की नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पुस्तकं बुडाली. गावात तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणायचे. शेमा तेवढा तोंडपाठ राहिला. सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम आणि सण राहिले, सणांना नावं मात्र मराठी. रोश हशाना (नववर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून घरात बसायचं म्हणून. मंदिर पाडल्याच्या उपासाला बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वाल. 'सिनेगॉग' शब्द माझ्या आजीने कधी उच्चारला नाही, ती मशीदच म्हणायची. मुंबईतली आमची सगळ्यात जुनी मशीद १७९६ची, मांडवीत, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली.

करडू आईच्या दुधात शिजवू नको असं तोरेत तीनदा आलंय, त्यावरून मटण आणि दूध एकत्र नाही. आमच्याकडे प्रश्नच आला नाही. रस्सा नारळाच्या दुधाचा, शिवाय नव्याच्या सणाचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातलाच, म्हणजे मटणानंतर खुशाल खा.

अष्टागरी

नवगावची नात, तुमचीच वाट बघत होतो! हिब्रू व्याकरण मराठीतून शिकवणारं पुस्तक १८३२ मध्येच निघालं होतं, जॉन विल्सन या मिशनऱ्याचं. त्याला बाटवायचं होतं, तुमच्या लोकांनी हिब्रू घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. १८७४ मध्ये पुण्यात छापलेली मराठी हग्गादाही आहे, वल्हांडणाच्या (इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या) रात्री वाचायची पोथी. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्राहाम, योसेफ यांच्यावर मराठी कीर्तनं.

नवगावची नात

कीर्तनं आजोबांनी ऐकलेली होती, मी नाही.

पण एक कडू गोष्टही लिहिते, कारण ती तुमच्या विषयाचीच आहे. इस्राएलमध्ये आल्यावर इथल्या काही रब्बींनी आमच्याशी लग्नं लावायला खळखळ केली. मुद्दा ताल्मूदच्या कायद्यातला: यांच्या पूर्वजांना ताल्मूदप्रमाणे घटस्फोटाचं पत्र माहीत नव्हतं, मग मागच्या पिढ्यांत कुणी तशा पत्राशिवाय पुन्हा लग्न केलं असेल तर? आमचं म्हणणं, हिंदू शेजाऱ्यांप्रमाणे आमच्यातही काडीमोडच नव्हता! प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने आमची लग्नं वैध आहेत असं आधी सांगितलं, पण १९६२ मध्ये खालच्या रब्बींना वंशावळ तपासायला लावलं. आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. आईच्या लग्नाच्या वेळचे कागद अजून घरात आहेत. 'जपलेली मतं' वाचायला छान वाटतात. त्यातलं एखादं आपल्या कपाळी येतं तेव्हा कसं वाटतं ते वेगळं.

चिंचोका

हे माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल धन्यवाद, ताई.

अष्टागरी

खरंय. मी बोस्टनच्या जेवणाच्या टेबलावरून लिहितोय, तुम्ही त्या कायद्याच्या आतून.

दोनओळी

तो दारावरचा छोटा नळकांडीसारखा प्रकार काय असतो? गोव्यात एका घराच्या चौकटीवर तिरका ठोकलेला पाहिला होता. सुतार चुकला असं वाटलं.

अष्टागरी

मेझुझा. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेला शेमा. सुतार चुकलेला नाही, तिरकेपणा दोन टीकाकारांच्या वादातून आलाय!

ताल्मूदच्या पानात बांधणीच्या बाजूचा रकाना राशींचा. (आपल्या बारा राशी नव्हेत, रब्बी श्लोमो यित्झाकी यांची आद्याक्षरं. फ्रान्समधल्या त्र्वा गावचे, १०४० ते ११०५. अवघड शब्द आला की बाजारातला जुना फ्रेंच शब्द हिब्रू लिपीत लिहून देणारे, त्यामुळे जुन्या फ्रेंचच्या अभ्यासकांनाही ते लागतात.) समोरच्या रकान्यात तोसाफोत, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या पुरवण्या. त्यातले बिनीचे रब्बेनू ताम हे राशींचे सख्खे नातू, आणि अर्धा वेळ आजोबांच्या चुका काढण्यात. मेझुझा उभा लावायचा, असं राशी म्हणाले. नातू म्हणाला, आडवा. युरोपातल्या अश्केनाझींनी मग तिरका ठोकला. स्पेनकडच्या सेफार्दींचा उभाच असतो.

सातवा मजला

आजोबा-नातवाच्या भांडणात खिळा तिरका! हे आमच्या सोसायटीच्या सभेत सांगणार आहे.

सगळं ठीक, पण ज्या वादांचा निकाल लागतच नाही त्यांचं काय करतात?

अष्टागरी

तिथे एक शब्द लिहितात: 'तेकू'. अर्थ, राहू दे तसंच. नंतरच्या लोकांनी त्याची फोड केली, "एलिया येईल तेव्हा अडलेले प्रश्न सोडवेल." आजच्या हिब्रूत फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला तरी तेकूच म्हणतात.

नवगावची नात

एलिया म्हणजे आमचा एलियाहू हनाबी! त्याच्या रथाच्या चाकाची खूण अलिबागजवळ सागावला खडकावर दाखवतात, तिथूनच तो स्वर्गात गेला म्हणे. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, मलिदा त्याच्या नावाने. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि फळं. इथे अश्दोदलाही करतो. ताल्मूदमध्ये तो अडलेले प्रश्न सोडवायला येणार आहे, हे आज कळलं. आमच्याकडे तो बोलावलं की येतो.

दोनओळी

पोहे जाडे की पातळ?

नवगावची नात

आमच्याकडे पातळ. सासूबाई पनवेलच्या, त्या जाडेच घेतात आणि पातळ्याला मलिदा म्हणायला तयार नाहीत.